शंकर पुरुषोत्तम आघारकर

शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८ नोव्हेंबर, इ.स. १८८४ - २ सप्टेंबर, इ.स. १९६०) हे मराठी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संशोधनसंस्थेचे ते संस्थापक-संचालक होत. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर हे वेगळे.

जीवन

आघारकरांचा जन्म मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. पश्चिम घाटातील भटकंतीत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. त्यापूर्वी ही प्रजाती केवळ आफ्रिकेतून ज्ञात होती. पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली व १९१४ मध्ये ते जर्मनीस गेले. पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांना तेथे स्थानबद्ध व्हावे लागले. तरीही आडॉल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९१९ मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९४६ पर्यंत ते कलकत्त्यास अध्यापन करीत होते.

औषधी वनस्पती

मुंबई राज्याच्या गॅझेटियरमधील औषधी वनस्पतींवरील त्यांचा खंड १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतीची ओळख चुकली, तर औषधही चुकते; म्हणून अशा संकलनात अचूक शास्त्रीय नावाला महत्त्व असते. फुलाफळांवरून ताजे झुडूप ओळखता येते. बाजारात मात्र वाळलेली पाने, खोडाचे तुकडे किंवा चूर्णच हाती येते. अशा वेळी सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, खोकल्यावरील अडुळशाच्या पानांत महारुखाच्या पानांची भेसळ होते. अडुळशाच्या प्रत्येक पर्णरंध्राभोवती दोन साहाय्यक पेशी रक्षक पेशींना काटकोनात असतात आणि पानात कॅल्शियम कार्बोनेटचे लांबट सिस्टोलिथ दिसतात. महारुखाच्या पानात ते नसतात. खोडाच्या आडव्या छेदातील ऊतींची रचनाही अशीच ओळख पटवते.

महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी

कलकत्त्यातील विज्ञानसंस्थेच्या धर्तीवर १९४६ मध्ये पुण्यात ही संस्था स्थापन झाली. निवृत्तीनंतरचे आयुष्य आघारकरांनी तिच्या उभारणीस वाहिले. १९९२ मध्ये तिच्या संशोधनसंस्थेस आघारकर संशोधन संस्था हे नाव देण्यात आले. तेथे वनस्पतिसंग्रह असून वनस्पती व कच्च्या औषधी द्रव्यांची ओळख प्रमाणित करून दिली जाते.