भेकाने दिलेली साक्ष

मेथिल अल्कोहोलासारख्या विषाने दृष्टितंतूस किती इजा झाली, हे मुक्या प्राण्यास कसे विचारावे? हा मार्ग ज्यांनी सुकर केला ते एडगर एड्रियन लंडनमध्ये १८८९ साली जन्मले व केंब्रिज येथे मज्जातंतूंच्या अभ्यासात रमले. एकदा अंधाऱ्या खोलीत त्यांनी भेकाच्या दृष्टितंतूस विद्युत्‌तारा जोडल्या होत्या. ध्वनिवर्धक मधूनच खडखडू लागला. यंत्र बिघडले काय? पुढे उमगले, की आपण हललो म्हणजेच आवाज होतो; भेक आपणांसच पाहत आहे! १९३२ साली शेरिंग्टन यांच्यासमवेत लाभलेल्या नोबेल पारितोषिकाहून आम्हांस या प्रसंगाचेच अप्रूप अधिक. १९७७ साली ते निवर्तले. आज संशोधक प्राण्यापुढे प्रकाश चमकवून त्याच्या मेंदूत उमटणारा संदेश मोजतात. तंतूचे वेष्टन झिजले असल्यास तो उशिरा पोहोचतो. तंतूच मेले असल्यास क्षीण होतो.