कारखानदार कीइचिरो टोयोडा

आमच्या वाचकांमध्यें असा एकही विद्यार्थी नसेल कीं, ज्यानें टोयोटा हें नांव मोटारीच्या पाठीवर वाचलें नाहीं. लग्नाचें वऱ्हाड न्यावयाचें असो, यात्रेस जावयाचें असो कीं आजाऱ्यास शहरांतील इस्पितळांत पोंचवावयाचें असो, दारीं इनोव्हा गाडी येऊन उभी राहिली म्हणजे घरची वडील मंडळी निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा जाहिरातींनीं विकत घेतां येत नाहीं; तो कोणी तरी कष्टानें मिळवावा लागतो. ज्या पुरुषानें तो मिळविण्यास आरंभ केला, त्याचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढें ठेवीत आहों. त्याच्या आयुष्याचा शेवट विजयांत झाला नाहीं. आपल्या हातून मोडलेल्या एका वचनाची भरपाई त्यानें आपलें अधिकारपद देऊन केली, आणि म्हणूनच हें चरित्र आम्हांस सांगण्याजोगें वाटतें.

कीइचिरो यांची कथा त्यांच्या वडिलांपासूनच सांगावी लागते. वडील साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ सालीं जपानांतील यामागुची नांवाच्या एका खेड्यांत झाला. घरचा धंदा सुतारकामाचा. त्या भागांत घरोघर बायका हातमागावर कापड विणीत. हा माग सुधारतां येईल काय, या एकाच प्रश्नानें तरुण साकिची यांच्या मनाचा ताबा घेतला. १८९० सालीं टोकियो येथें एक मोठें औद्योगिक प्रदर्शन भरलें होतें. तेथें जाऊन ते यंत्रें न्याहाळीत राहिले. पुढच्याच वर्षीं त्यांनीं सुधारलेल्या लांकडी हातमागाचें पेटंट मिळविलें, आणि १८९६ सालीं वाफेच्या शक्तीवर चालणारा माग सिद्ध केला.

या मागांत एक लहानशी युक्ति होती. विणतां विणतां आडवा धागा तुटला किंवा संपला कीं माग आपोआप थांबे. वाचकांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु तिचा थोडा विचार करावा. धागा तुटल्यावरही जो माग खडखडत राहतो, तो प्रत्येक क्षणीं सदोष कापड वाढवीत असतो, आणि त्यावर नजर ठेवण्यासाठीं एक मनुष्य सारखा उभा ठेवावा लागतो. उलट, दोष घडतांच जो माग स्वतः थांबतो, त्याचें कापड वायां जात नाहीं, आणि मनुष्यही निव्वळ पहारा करण्यांतून मोकळा होतो. टोयोडा घराण्याच्या पुढील सर्व कीर्तीचें बीज या युक्तींत आहे.

कीइचिरो यांचा जन्म त्याच खेड्यांत ११ जून १८९४ रोजीं झाला. पिता आपल्या शोधांत इतका गढलेला होता कीं, त्याचें संसाराकडे लक्षच नसे. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई घर सोडून माहेरीं गेली, आणि मुलाचें पहिलें संगोपन आजीआजोबांनीं केलें. पुढें वडिलांनीं दुसरा विवाह केला व बिऱ्हाड नागोया शहरीं आलें. कीइचिरो वृत्तीनें अबोल व अभ्यासू निघाले. सेंदाई येथील उच्च विद्यालयांतून ते टोकियोच्या शाही विश्वविद्यालयांत गेले, आणि १९२० सालीं यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. सुताराच्या घरांत जन्मलेल्या साकिची यांस जें शिक्षण मिळालें नाहीं, तें पुत्रास पुरेपूर मिळालें.

१९२१ सालीं ते वडिलांच्या कापडगिरणींत दाखल झाले, आणि त्याच वर्षीं अमेरिका व युरोप येथील कारखाने पाहण्यास निघाले. इंग्लंडांत ओल्डहॅम गांवीं प्लॅट बंधूंचा कापडयंत्रांचा कारखाना त्या काळीं जगांत नांवाजलेला होता. तेथें राहून त्यांनीं कामाचें बारकाईनें निरीक्षण केलें. स्वदेशीं परतल्यावर पित्याची कल्पकता व पुत्राचें शास्त्रीय ज्ञान एकत्र आलें. १९२४ सालीं त्यांचा स्वयंचलित माग पूर्ण झाला. त्यांत माग न थांबवितां रिकामा धोटा निघून भरलेला धोटा जागीं येई, आणि ताण्याचा एक धागा जरी तुटला तरी माग आपण होऊन थांबे. या मागाचें पेटंट १९२९ सालीं त्याच प्लॅट बंधूंनीं विकत घेण्याचा करार केला. रकम होती १ लाख पौंड. ज्यांच्या कारखान्यांत कीइचिरो शिकण्यास गेले, तेच आतां त्यांच्याकडून विकत घेण्यास आले. विद्यार्थ्यास याहून मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें!

येथेंच संतोष मानून ते स्वस्थ बसते, तरी सुखानें राहिले असते. परंतु त्यांचें लक्ष दुसरीकडे लागलें होतें. १ सप्टेंबर १९२३ रोजीं झालेल्या भयंकर भूकंपांत टोकियो व योकोहामा हीं शहरें उद्ध्वस्त झालीं. ट्रामचे मार्ग उखडले गेले, आणि लोकांची ने-आण करण्यासाठीं अमेरिकेहून फोर्ड गाड्यांचे शेंकडों सांगाडे मागवावे लागले. पाठोपाठ फोर्ड कंपनीनें योकोहामा येथें १९२५ सालीं, व जनरल मोटर्सनें ओसाका येथें १९२७ सालीं, गाड्या जोडण्याचे कारखाने उघडले. जपानांतील रस्ते अशा रीतीनें परक्या गाड्यांनीं भरून गेले. आपल्या देशाची मोटार आपल्याच हातांनीं कां होऊं नये, हा विचार कीइचिरो यांच्या मनांत दृढ झाला. वडिलांचीही तीच इच्छा होती. ३० ऑक्टोबर १९३० रोजीं साकिची वारले, तेव्हां हा वसा पुत्राकडे आला.

माग-कारखान्याच्या एका कोपऱ्यांत त्यांनीं प्रथम एक लहान इंजिन तयार केलें. १९३३ सालीं कारखान्यांत मोटारींचें खातें रीतसर सुरू झालें. अमेरिकेची एक शेव्हरोले गाडी विकत घेऊन ती सुटी करण्यांत आली, आणि प्रत्येक भाग मोजून त्याचीं चित्रें काढण्यांत आलीं. या कामीं परक्यांचें अनुकरण झालें, हें लपविण्याचें कारण नाहीं. प्रत्येक शिष्य आरंभीं कित्ताच गिरवितो. पण कित्ता गिरविणेंही सोपें नव्हतें. इंजिनाचा मुख्य ठोकळा ओतींव लोखंडाचा. ओतकामांत तो पुनःपुन्हा बिघडे, आणि बिघडलेल्या ठोकळ्यांचे ढीग पडत. शेवटीं १९३४ च्या सप्टेंबरांत इंजिन सिद्ध झालें, १९३५ च्या मे महिन्यांत पहिली मोटार तयार झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मालमोटार बाजारांत आली.

आज जें नांव टिकाऊपणाचें प्रतीक मानलें जातें, त्याच्या त्या पहिल्या मालमोटारी वारंवार मोडत, हें वाचून आमच्या वाचकांस आश्चर्य वाटेल. गाडी रस्त्यांत बंद पडली कीं कारखान्याचीं माणसें तेथें धांवत, ती दुरुस्त करून देत, कोणता भाग कां मोडला याची नोंद करीत, आणि पुढील गाडींत तो भाग बदलीत. कीइचिरो स्वतःही अशा प्रसंगीं जात. दोष झांकून माल खपविण्यापेक्षां दोष शोधून तो मुळांतून काढणें, ही त्या मागाचीच रीत त्यांनीं मोटारींस लावली.

१९३६ सालीं नांवाचा प्रश्न निघाला. गाड्यांस आरंभीं घराण्याचें टोयोडा हेंच नांव होतें. कंपनीनें नव्या चिन्हासाठीं लोकांकडून नमुने मागविले, तेव्हां सुमारें २७ हजार नमुने आले. त्यांतून टोयोटा हें नांव पसंत पडलें. तें उच्चारास सुटसुटीत होतें, जपानी लिपींत तें आठ रेघांत लिहिलें जातें व आठ हा अंक तेथें शुभ मानतात. शिवाय तें एका घराण्याचें न राहतां संस्थेचें झालें. २८ ऑगस्ट १९३७ रोजीं टोयोटा मोटार कंपनीची स्थापना झाली. कीइचिरो यांचे मेहुणे रिसाबुरो हे अध्यक्ष झाले व ते स्वतः उपाध्यक्ष. १९४१ सालीं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें.

१९३८ सालीं कोरोमो गांवाजवळ मोठा कारखाना उभा राहिला. तेथें कीइचिरो यांनीं एक नवा नियम घालून दिला. जो भाग ज्या वेळीं लागेल, तो त्या वेळींच व तेवढाच तयार व्हावा. कोठारांत ढीग साठवूं नयेत. ढिगाखालीं पैसा अडकतो, आणि सदोष भागही त्याखालीं दडून राहतात. परंतु हा नियम पक्का रुजण्यापूर्वींच युद्धानें सर्व घडी मोडली. चीनशीं युद्ध सुरू झाल्यापासून कारखान्याच्या मालमोटारी सैन्याकडे जाऊं लागल्या. प्रवासी गाड्या करण्याचें स्वप्न बाजूस पडलें. या उद्योगाची वाढ कांहीं अंशीं युद्धावर झाली, ही गोष्ट चरित्रकारानें गाळतां कामा नये. १४ ऑगस्ट १९४५ रोजीं, म्हणजे शरणागतीच्या घोषणेच्या आदल्या दिवशीं, कोरोमोच्या कारखान्यावरही बॉम्ब पडले.

युद्धानंतरचा काळ कीइचिरो यांच्या कसोटीचा होता. १९४९ सालीं चलनवाढ रोखण्यासाठीं जपानांत कडक आर्थिक धोरण अंमलांत आलें. गाड्या विकल्या जात, पण पैसे वसूल होत ना. वर्षअखेरीस कंपनी बुडण्याच्या बेतांत आली. बँकांनीं मिळून कर्ज दिलें, परंतु विक्रीसाठीं निराळी कंपनी काढावी व कामगारांची संख्या कमी करावी, असा त्यांचा आग्रह पडला. इकडे कीइचिरो यांनीं कामगारांस कोणासही काढणार नाहीं असा शब्द दिलेला होता. कामगार हे घरचेच आहेत व संकटांत त्यांस रस्त्यावर सोडणें हा अधर्म होय, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण शब्द पाळावा तर सर्वच कारखाना बुडतो, आणि कारखाना वाचवावा तर शब्द बुडतो, असा हा पेंच होता.

१९५० च्या एप्रिलांत संप सुरू झाला. १,६०० माणसें कमी करण्याची योजना जाहीर झाली होती, आणि कामगारांचा क्षोभ रास्तच होता. दोन महिने रस्सीखेंच चालली. कायदा आपल्या बाजूनें आहे असें सांगून किंवा बँकांकडे बोट दाखवून कीइचिरो यांस हात झटकतां आले असते. त्यांनीं तसें केलें नाहीं. ५ जून १९५० रोजीं त्यांनीं अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. ज्यानें वचन दिलें त्यानेंच तें मोडल्याची जबाबदारी घ्यावी, हा त्याचा अर्थ होता. १० जून रोजीं तंटा मिटला. २ हजारांवर कामगारांची नोकरी गेली. त्यांच्या घरच्या चुली राजीनाम्यानें पेटल्या नाहींत, हेंही आम्ही विसरत नाहीं. परंतु दुसऱ्यांस जावयास सांगून स्वतः खुर्चीवर बसून राहणारा हा धनी नव्हता.

दैवाची गति विचित्र! त्याच महिन्याच्या २५ तारखेस कोरियाचें युद्ध सुरू झालें, अमेरिकन सैन्याकडून मालमोटारींची मोठी मागणी आली, आणि कंपनी सावरली. राजीनामा तीन आठवडे लांबता, तर कदाचित् तो द्यावा लागला नसता. नवे अध्यक्ष ताइझो इशिदा यांनीं १९५२ सालीं त्यांस परत येण्याची विनंति केली, व ते राजीही झाले. पण २७ मार्च १९५२ रोजीं, वयाच्या अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षीं, मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला. ज्या प्रवासी गाडीसाठीं त्यांनीं जन्म वेंचला, ती क्राउन नांवाची गाडी १९५५ सालीं निघाली; ती पाहण्यास ते उरले नव्हते.

पुढील कथा थोडक्यांत सांगतों. ताइइचि ओनो या कारखान्यांतील कुशल अधिकाऱ्यानें कीइचिरो यांचा जेवढ्यास तेवढें हा नियम व साकिची यांची थांबण्याची युक्ति एकत्र करून कामाची नवी पद्धति बसविली. त्या पद्धतींत साध्या कामगारासही दोष दिसतांच दोरी ओढून सबंध रांग थांबविण्याचा अधिकार मिळाला. १९५७ सालीं अमेरिकेस पाठविलेल्या क्राउन गाड्या तेथील वेगवान रस्त्यांवर टिकल्या नाहींत. कंपनीनें निर्यात थांबविली, दोष सुधारले, आणि मग ती पुन्हा त्या बाजारांत उतरली. कोरोमो गांवास १९५९ सालीं टोयोटा हेंच नांव मिळालें. १९६२ सालीं कामगार व चालक यांनीं परस्परविश्वासाचा जाहीरनामा काढला. १९६६ सालीं कोरोला गाडी निघाली, आणि २००८ सालीं विक्रींत जनरल मोटर्सला मागें टाकून कंपनी जगांत पहिली झाली. आपल्या देशांत ती १९९७ सालीं किर्लोस्कर घराण्याच्या भागीदारींत आली. ज्या घराण्याच्या लक्ष्मणरावांनीं १९१० सालीं उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर घडविले, त्याच्याशींच मागवाल्या टोयोडांची गांठ पडावी, हा योग मराठी माणसास सुखावणारा आहे.

पण कीर्ति ही वारसानें मिळणारी वस्तु नव्हे. २००९ व २०१० सालीं लाखों गाड्या दोषांमुळें परत बोलवाव्या लागल्या, आणि कीइचिरो यांचे नातू आकिओ यांस अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींपुढें उभें राहून क्षमा मागावी लागली. २०२४ सालीं ज्या माग-कारखान्यांतून सर्व आरंभ झाला, त्याच्याच इंजिनांच्या चाचण्यांत गैरप्रकार उघडकीस आले. धागा तुटला होता, आणि माग वेळेवर थांबला नव्हता.

विद्यार्थिमित्रांनो, आपण सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं आपले दोष कबूल करतों. तें कबूल करणें केवळ ओठांचें असेल तर माग खडखडतच राहतो. गणितांतील चूक लपवून पुढचें पान उलटणें, दिलेला शब्द मोडून परिस्थितीकडे बोट दाखविणें, हे तुटलेल्या धाग्यावर विणलेले कापडच होय. कीइचिरो यांस शब्द पाळतां आला नाहीं, पण तो मोडल्याची किंमत त्यांनीं दुसऱ्यावर लोटली नाहीं. ज्या नांवावर लोक आज निर्धास्त होतात, त्याच्या पायांत तो राजीनामा पुरलेला आहे, असें आम्ही समजतों.