मठाधिपती कोर्देत्स्की : पडद्यावरचे आणि खरे



पोलंडमध्ये १९३४ साली निघालेला एक कृष्णधवल बोलपट आम्ही अलीकडे पाहिला. दिग्दर्शक एडवर्ड पुखाल्स्की. नायक मठाधिपती अगुस्तिन कोर्देत्स्की. ही भूमिका कारोल अद्वेन्तोविच या रंगभूमीवरच्या नामवंत नटाची. पडद्यावर आले तरी नाटक काही सुटलेले नाही. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जावे अशा थाटात सारे बोलतात. आजच्या तरुणांना हसू येईल. आम्हालाही एकदोनदा आले. ते ओसरल्यावर मात्र वाटले, खरे कोर्देत्स्की होते तरी कसे?

त्यांचा जन्म १६०३ साली कालिशजवळच्या इवानोवित्से गावी झाला. बाप्तिस्म्याचे नाव क्लेमेन्स. येशूसंघीयांकडे शिक्षण घेऊन १६३३ साली ते पॉलीन संघात दाखल झाले. (या संघाचे पौल म्हणजे प्रेषित पौल नव्हेत, वाळवंटातले पहिले एकांतवासी संत पौल.) पुढे चेंस्तोहोवा येथील यास्ना गूरा मठाचे ते प्रमुख झाले. पवित्र मरियेच्या सावळ्या चित्रामुळे हे तीर्थक्षेत्र जगभर प्रसिद्ध आहे.

१६५५ साली स्वीडनचा राजा कार्ल गुस्ताव पोलंडवर चालून आला. वॉर्सा पडले, क्राकूफ पडले, राजा यान काझिमिएश देश सोडून गेला. १८ नोव्हेंबरला सेनापती म्युलरने मठाला वेढा घातला. आत सैनिक, उमराव आणि मठवासी मिळून सुमारे तीनशे माणसे. बाहेर दोन-तीन हजार, आणि त्यांत स्वीडनच्या राजाला शरण गेलेले पोलिश सैनिकही होते.

अशा चित्रपटांना डगमगणारा नायक चालत नाही. खऱ्या कोर्देत्स्कींनी काय केले? शत्रू येण्याआधीच मूळ पवित्र चित्र गुपचूप सिलेशियात हलवले. चमत्कारावर विश्वास होता म्हणून कुलूप लावायचे विसरले नाहीत! आणि २१ नोव्हेंबरला म्युलरला पत्र लिहून कार्ल गुस्तावला राजा मानत असल्याचे कळवले. दरवाजा मात्र उघडला नाही. हे पत्र पुढे प्रकाशात आले तेव्हा अनेक पोलिश भाविकांना धक्काच बसला. काहींनी ती शरणागती मानली, काहींनी वेळकाढूपणा.

आम्हाला स्वतःला ते पत्र भाषणांपेक्षा मोठे वाटते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस यांनी मुख्य सद्गुणांत सुज्ञतेला पहिले स्थान का दिले, हे आम्ही पाठ केले होते, समजले नव्हते. भिंतीआड बायकामुले असताना कागदावर मान तुकवणे धर्मगुरूला सोपे गेले असेल का? वाटाघाटीला पाठवलेल्या आपल्याच दोन मठबंधूंना म्युलरने अडकवून फाशीची धमकी दिली, तेव्हा त्या रात्री प्रमुखाला झोप लागली असेल का?

डिसेंबरात अवजड तोफा आल्या, भिंतींना भगदाडे पडली. नाताळच्या आदल्या दिवशी म्युलरने साठ हजार थालर मागितले. कोर्देत्स्कींनी कळवले की सुरुवातीला दिले असते, आता भिंती दुरुस्त करायला पैसे लागतील. २७ डिसेंबरला वेढा उठला.

हा इतिहास कोर्देत्स्कींनी स्वतः लॅटिन ग्रंथात लिहिला, आणि तिथे ते बरेच अलंकारिक झाले आहेत हे कबूल केले पाहिजे. त्यावरून हेन्रिक श्येन्किएविच यांची १८८६ची कादंबरी उभी राहिली आणि पडद्यावरचा नायकही त्याच वाटेने आला. गोष्टीत लुथरनपंथीय स्वीडिश शत्रू असतात. २०१६ साली पोप फ्रान्सिस त्याच स्वीडनमधील लुंड येथे लुथरन बांधवांसोबत प्रार्थनेला बसले, हेही चित्रपट पाहताना आठवले.

वेढ्यानंतर कोर्देत्स्की सतरा वर्षे जगले. संघाचे प्रांतप्रमुख म्हणून मठामठांना भेटी देत फिरणे, हिशेब पाहणे, तक्रारी ऐकणे असे त्यांचे दिवस गेले. अशाच एका भेटीवर असताना २० मार्च १६७३ रोजी व्हिएरुशुफच्या मठात त्यांना मरण आले. त्यांचा देह यास्ना गूराला आणून तिथेच पुरला.

– आपले धर्मगुरू