डॉ. होमी भाभा : टक्कर झाल्यावर ऊर्जा जाते कुठे?



गतिज ऊर्जेचा पाठ सुरू झाला, की मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. धावती वस्तू आपटून थांबली, मग तिची ऊर्जा गेली कुठे? बरेचदा 'वाया गेली' एवढंच उत्तर मिळतं. मुंबईच्या एका तरुणाने मात्र टकरींमधल्या ऊर्जेचा नीट हिशोब मांडला. ते म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर होते. घरात पुस्तकं, चित्रं आणि पाश्चात्त्य संगीत भरपूर होतं. १९२७ मध्ये होमी इंजिनिअरिंगसाठी केंब्रिजला गेले. मुलाने शिकून यावं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावं, अशी घरच्यांची इच्छा होती. पण त्यांचं मन भौतिकशास्त्रात रमलं. त्यांनी वडिलांना तसं स्पष्ट कळवलं. आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग पुढचं शिक्षण करू, असं वडिलांनी ठरवलं. १९३० मध्ये होमींनी तो मिळवला आणि वडिलांनीही शब्द पाळला. पालकांनी इथे जरा थांबून विचार करावा.

आता त्यांच्या कामाकडे वळू. टकरीचे दोन प्रकार मुलांच्या ओळखीचे आहेत. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला लागतो, स्ट्रायकर मंदावतो आणि सोंगटी पळते. इथे गतिज ऊर्जा बहुतेक एकाकडून दुसऱ्याकडे जाते. याउलट ओल्या मातीचा गोळा जमिनीवर टाकला तर तो थप्पकन बसतो. त्याची ऊर्जा चपटं होण्यात, थोड्या आवाजात आणि थोड्या उष्णतेत जाते. गतिज ऊर्जा कमी झाली, पण एकूण ऊर्जा तेवढीच राहिली.

भाभांनी दोन्ही प्रकारचं काम केलं, पण अतिसूक्ष्म कणांवर. इलेक्ट्रॉन आणि त्याचा जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचं गणित त्यांनी मांडलं. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं. यात कॅरमसारखंच होतं, दोघांची मिळून गतिज ऊर्जा कायम राहते. याला आज 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. कणांच्या मोठ्या यंत्रांत किती टकरी झाल्या हे मोजायला ते अजूनही वापरतात.

दुसरं काम १९३७ चं, वॉल्टर हाइटलर यांच्यासोबतचं. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे हवेत कणांचा पाऊस का पडतो? एक वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाजवळून जाताना मंदावतो. त्याची गेलेली गतिज ऊर्जा गॅमा किरण बनते. त्या किरणातून पुन्हा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी तयार होते. तेही मंदावतात, पुन्हा किरण, पुन्हा जोड्या. कण वाढत जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याची ऊर्जा कमी होत जाते. शेवटी उरलेली ऊर्जा हवेतल्या अणूंना धक्के देत हवेतच मुरते. शंभराच्या नोटेचे सुट्टे करून वाटावेत, तसंच हे. पैसे हरवले नाहीत, फक्त वाटले गेले.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले असताना महायुद्ध सुरू झालं. परत जाता येईना. मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिथे सर सी. व्ही. रामन होते, तिथे ते काम करू लागले. पुढे त्यांनी इथेच राहायचं ठरवलं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे, म्हणजेच ट्रॉम्बे इथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं.

आम्हा विश्रांतवाडीकरांना त्यांचं काम लांबचं वाटायला नको. त्यांनी उभ्या केलेल्या टाटा संस्थेचं एक केंद्र आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि नारायणगावजवळ खोडदला त्याच केंद्राच्या ३० मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत.

वर्गात एवढं करून बघा. एकाच उंचीवरून रबरी चेंडू, गोटी आणि मातीचा गोळा फरशीवर टाका. कोण किती उसळलं ते मुलांना फूटपट्टीने मोजू द्या. मग विचारा, कमी पडलेली उसळी कुठे गेली? 'संपली' हा शब्द वहीत येऊ देऊ नका. 'कशात बदलली' हे मुलांना शोधू द्या.