समुद्राचा हिशेब मांडणारा प्राध्यापक

बेळगावच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे हे थोडे धाडसाचेच. पण तापमानाच्या आकड्यापुढे केल्विन हे नाव लिहिताना मला हल्ली उष्णता आठवत नाही, तेरेखोलच्या खाडीचे तोंड आठवते.

काही वर्षांपूर्वी एका नातलगाच्या लहानशा शिडाच्या होडीतून आम्ही तिघे खाडीबाहेर पडलो. दिवस पौर्णिमेचा. मुंबईच्या वर्तमानपत्रात भरतीची वेळ दुपारी 12 छापलेली. तीनपर्यंत पाणी निम्मेच उतरेल, असा माझा, म्हणजे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याचा, हिशेब. तीनला होडी वाळूच्या दांड्यावर बसली, सुकाणू मोडले आणि लाटांचे तडाखे खात आम्ही दिवेलागणीपर्यंत तिथेच होतो.

घरी आल्यावर मी विल्यम थॉमसन यांचे चरित्र काढले. हेच पुढचे लॉर्ड केल्विन. जन्म 1824, बेलफास्टचा. सहाव्या वर्षी आई गेली. गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांनी मुलांना स्वतः शिकविले. दहाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात प्रवेश, बाविसाव्या वर्षी तिथेच प्राध्यापक, आणि मग 1899 पर्यंत, तब्बल 53 वर्षे, तेच पद! अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची तार टाकण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1866 साली ते काम तडीस गेले आणि ते सर झाले. 1870 मध्ये पत्नी वारली. त्याच वर्षी त्यांनी लाला रूख नावाचे शिडाचे जहाज घेतले. पुस्तकातला समुद्र त्यांना पुरेसा नव्हता, असे मला वाटते. होकायंत्र सुधारणे, पियानोच्या तारेने खोली मोजणे, ही कामे यानंतरचीच.

पण माझ्या कामाची गोष्ट भरतीची. चंद्रसूर्य पाणी ओढतात, हे न्यूटनपासून ठाऊक होते. पण एखाद्या बंदरात पाणी किती वाजता किती चढेल, ते त्यावरून सांगता येत नव्हते. किनाऱ्याचा आकार, उथळपणा सारे आडवे येते. थॉमसन यांनी 1867 च्या सुमारास वेगळी वाट धरली. भरती म्हणजे अनेक साध्या आंदोलनांची बेरीज. चंद्राचे मुख्य आंदोलन 12 तास 25 मिनिटांचे, सूर्याचे 12 तासांचे. हे काळ सगळीकडे सारखे. प्रत्येक आंदोलनाची उंची आणि उशीर मात्र ज्या त्या बंदराचा आपापला, आणि तो तिथे मोजूनच काढायचा. बेरजेसाठी त्यांनी 1872 मध्ये कप्प्यांचे यंत्र योजिले. सर्व कप्प्यांवरून एकच दोरी. प्रत्येक कप्पी आपल्या आंदोलनाप्रमाणे खालीवर होते आणि दोरीच्या टोकाची लेखणी भरतीची रेघ काढते. वर्षाची भरती सुमारे चार तासांत! याच धर्तीवर 1879 मध्ये रॉबर्ट्स यांनी हिंदुस्थानच्या बंदरांसाठी यंत्र तयार केले. कारवारला 1878 पासून आणि मुरगावला 1884 पासून काही वर्षे पाणी मोजले गेले.

(पृथ्वीचे वय मात्र त्यांनी काही कोटी वर्षांवर आणून ठेवले, ते साफ चुकले.)

लहान खाडीत कोण वर्षभर मोजत बसणार? म्हणून जवळच्या मोठ्या बंदराचे कोष्टक घेऊन वेळेचा आणि उंचीचा फरक लावतात. मी मुंबई घेतली, इथेच फसलो. गोव्याकडे भरती मुंबईच्या सुमारे तासभर आधी येते, आणि मुंबईचे चार-पाच मीटरांचे उधाण इथे जेमतेम दोन मीटरांचे. उतार सहा तासांचा धरला तर पाणी तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक बारांश उतरते. मी तीन तास धरले, सहा बारांश. प्रत्यक्षात चार तास झाले होते, म्हणजे नऊ. फरक 1.8 मीटर धरला तर माझ्या हिशेबापेक्षा 45 सेंटिमीटर पाणी कमी. होडी बसायला तेवढे पुरते.

केल्विन 1907 च्या डिसेंबरात वारले. वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या शेजारी त्यांना पुरले. आमच्या होडीला नवे सुकाणू बसवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाला मी ही बारांशाची आकडेमोड दाखवली. त्याने तिथी विचारली, बोटांवर मोजले, पाऊणपट केली आणि खाडीचा आपला तास वजा केला. उत्तर माझ्याइतकेच आले.