ताता वास्को : मिचोआकानचे पहिले बिशप

ज्युबिलीच्या प्रसंगीं आपल्या वाडवडिलांनीं देवमंदिर कसें बांधिलें, शाळा कशी उभारली, याची कृतज्ञ आठवण करणें उचितच आहे. परंतु अशा वेळीं एक प्रश्नहि मनांत आल्यावांचून राहत नाहीं. धर्मगुरूच्या पश्चात् त्याच्या लोकांजवळ काय उरतें? केवळ इमारत उरते, कीं लोकांच्या हातांत कांहीं सामर्थ्यहि उरतें? ज्यांच्या जीवनांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें, अशा एका पुण्यपुरुषाचें चरित्र आम्ही येथें वाचकांस थोडक्यांत सादर करीत आहों. त्यांचें नांव वास्को दे किरोगा. मेक्सिको देशांतील मिचोआकान प्रांताचे ते पहिले बिशप होत. त्यांना जाऊन साडेचारशेंहून अधिक वर्षें लोटलीं. तरी तेथील खेडुत अद्यापि त्यांस ताता वास्को म्हणतात. ताता म्हणजे बाप. तात हा शब्द जाणणाऱ्या मराठी माणसास हें संबोधन परकें वाटूं नये.

वास्को यांचा जन्म पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्पेनमधील माद्रिगाल या गांवीं झाला. कायद्याचें अध्ययन करून ते राजसेवेंत शिरले व उत्तर आफ्रिकेंतील ओरान शहरीं त्यांनीं न्यायाधीशाचें काम केलें. इकडे १५२१ मध्यें स्पॅनिश सैन्यानें मेक्सिकोची राजधानी जिंकली होती. पुढें तेथें जी पहिली न्यायसभा नेमिली गेली, तिचा अध्यक्ष नुन्यो दे गुस्मान यानें न्यायाच्या नांवाखालीं लूट मांडिली. मिचोआकानांतील पुरेपेचा लोकांच्या राजानें बाप्तिस्मा घेतला होता. असें असतांहि सोन्याच्या हव्यासापायीं गुस्माननें १५३० मध्यें त्याचे हाल करून त्यास ठार मारिलें. भयभीत प्रजा गांवें टाकून डोंगरांत पळाली. हा अनर्थ निस्तरण्यासाठीं राजानें दुसरी न्यायसभा नेमिली आणि तिचे एक सभासद म्हणून वास्को १५३१ च्या आरंभीं मेक्सिकोंत दाखल झाले. ज्या वर्षाच्या अखेरीस ग्वादालूप येथें पवित्र मारियेचें दर्शन झालें असें आपण मानतों, तेंच हें वर्ष. त्या वेळीं वास्को धर्मगुरु नव्हते; उतारवयाकडे झुकलेले ते एक कायदेपंडित होते.

न्यायासनासमोर रोज येणारीं पोरकीं मुलें, विधवा व गुलाम पाहून त्यांचें अंतःकरण द्रवलें. नुसत्या भिक्षेनें हें दुःख सरणार नाहीं हें त्यांनीं ओळखिलें. १५३२ मध्यें स्वतःच्या वेतनांतून जमीन घेऊन त्यांनीं राजधानीनजीक एक वसाहत स्थापिली व तिला सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धा, असें नांव दिलें. दुसऱ्याच वर्षीं मिचोआकानांत पात्स्कुआरो सरोवराच्या कांठीं त्याच नांवाची दुसरी वसाहत उभी राहिली. त्यांस इस्पितळ म्हणत. पण तेथें रोग्यांच्या शुश्रूषेबरोबर अनाथांचें पालन, वाटसरूंस आसरा, मुलांस शिक्षण आणि सर्वांस उद्योग मिळे. इंग्लंडच्या थोमस मोर यांनीं १५१६ मध्यें प्रसिद्ध केलेला युटोपिया हा ग्रंथ वास्को यांच्या वाचनांत आला होता. तेच मोर पुढें रक्तसाक्षी झाले व १९३५ मध्यें संतपदास चढले. त्यांनीं जो आदर्श कल्पनेंत रेखाटिला, तो वास्को यांनीं चिखलमातींत उभा केला.

या वसाहतींचे नियम आजहि मननीय वाटतात. जमीन सर्वांच्या मालकीची. ती विकण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. प्रत्येक कुटुंबास घराजवळ बाग. सामाईक काम दिवसांतून सहा तास. शेती सर्वांनीं शिकावी, अगदीं लहान मुलांनींहि. मुलींनीं विणकाम शिकावें. पीक आलें कीं ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें वांटावें. आजारी, विधवा व पोरके यांचा वांटा आधीं धरावा. आणि पुढील पीक हातीं येण्याची खात्री होईपर्यंत शिल्लक धान्य मोडूं नये. गांवचे कारभारी कुटुंबप्रमुखांनींच निवडावे. जिंकलेल्या लोकांस स्वतःचा कारभार करण्याची बुद्धि आहे, असें मानणें हेंच त्या काळीं मोठें धाडस होतें. १५३४ मध्यें या लोकांस पुनः गुलाम करण्याची परवानगी राजाज्ञेनें दिली गेली, तेव्हां वास्को यांनीं पुढच्याच वर्षीं त्या आज्ञेविरुद्ध विस्तृत निवेदन लिहून धाडिलें. राजाच्याच न्यायाधीशानें राजाची चूक दाखवावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

१५३६ मध्यें पोप तिसरे पौल यांनीं मिचोआकानचा नवा धर्मप्रांत स्थापिला व त्याचे बिशप म्हणून याच गृहस्थाची नेमणूक झाली. गुरुदीक्षेच्या सर्व पायऱ्या चढून १५३८ मध्यें त्यांस बिशपपदाचा अभिषेक झाला. त्यांनीं आपलें पीठ पात्स्कुआरो येथें नेलें आणि १५४० मध्यें तेथें संत निकोलस यांच्या नांवानें विद्यालय काढिलें. लोकांची भाषा जाणणारे धर्मगुरु तयार करणें, हा त्याचा हेतु. स्पॅनिश तरुणांनीं स्थानिक मुलांच्या सहवासांत त्यांची भाषा शिकावी, व ज्यांच्या श्रमांनीं ही वास्तु उभी राहिली त्यांच्या मुलांस तेथें विनामूल्य शिकवावें, अशी त्यांची इच्छा होती. आपल्या गोव्यांतहि १५४१ मध्यें पवित्र श्रद्धेच्याच नांवानें एतद्देशीय मुलांसाठीं विद्यालय निघालें, तें पुढें संत पौलाचें विद्यालय म्हणून प्रसिद्धि पावलें. हें आमच्या वाचकांस सहज आठवेल.

परंतु खेड्यापाड्यांत ताता वास्को यांचें नांव राहिलें तें कलाकौशल्यामुळें. एकेका गांवानें एकेक कसब पत्करावें व बाजारांत परस्परांच्या मालाची देवघेव करावी, अशी घडी त्यांनीं बसविली असें परंपरा सांगते. सांता क्लारा येथें तांब्याचीं भांडीं घडतात, कापुला येथें मातीचीं. पाराचो येथें लांकडी वाद्यें होतात, उरुआपान येथें तुंब्यांवर व तबकांवर रोगणकाम होतें. येथें एक गोष्ट विसरतां नये. तांब्याचें काम पुरेपेचा लोकांस बिशपांनीं शिकविलें नाहीं. तें त्यांच्या पूर्वजांचेंच होतें. वास्को यांनीं त्यास मान दिला, नवीं हत्यारें व नव्या पद्धति जोडिल्या आणि पोटाचा उद्योग करून दिला. मक्याच्या ताटांचा गर व एका फुलझाडाच्या कंदाचा चीक यांपासून हे लोक पूर्वीं आपल्या देवतांच्या हलक्या मूर्ति करीत. त्याच कसबानें वास्को यांनीं पवित्र मारियेची मूर्ति घडवून घेतली. आरोग्यमाता या नांवानें ती पात्स्कुआरोच्या महामंदिरांत आजहि पूजिली जाते.

त्यांच्या कार्यावर छाया नव्हती असें आम्ही म्हणणार नाहीं. पांच दालनांचें भव्य कथीड्रल बांधण्याचा त्यांनीं घाट घातला. त्याच्या श्रमांचा भार गरिबांवर पडतो अशा तक्रारी झाल्या, संन्यासी संघांशीं तंटे झाले, आणि अखेर एकच दालन पुरें झालें. दगडांचें स्वप्न अपुरें राहिलें. माणसांत पेरलेलें मात्र उगवलें.

१४ मार्च १५६५ रोजीं ताता वास्को प्रभुचरणीं विलीन झाले. आपला सहाशेंहून अधिक ग्रंथांचा संग्रह त्यांनीं विद्यालयास देऊन टाकिला. तें विद्यालय पुढें आजच्या मोरेलिया शहरीं गेलें. तेथील विद्यापीठ आजहि संत निकोलस यांचें नांव धारण करितें. पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ मध्यें मोरेलियांत मिस्सा अर्पण केली ती ताता वास्को यांचा दंड व चषक हातीं घेऊन. आणि २०२० च्या डिसेंबरांत ख्रिस्तसभेनें त्यांस पूजनीय म्हणून घोषित केलें.

सांता क्लारांत आजहि तांब्यावर हातोडा पडतो. ज्युबिलीच्या हिशेबांत चर्चच्या भिंती, घंटा व वेदी मोजतांना आपणहि स्वतःस विचारावें : आपल्या शाळेंतून बाहेर पडलेलें मूल आपल्या पायांवर उभें राहिलें काय? आपल्या वाडवडिलांचें शेत, जाळें, माग वा चाक यांची त्यास लाज वाटते, कीं अभिमान वाटतो? गांवची विधवा व पोरकें यांचा वांटा आपण आधीं धरितों काय? या प्रश्नांचें उत्तर होकारार्थी देण्याची कृपा प्रभु येशु आम्हां सर्वांस देवो.