शेजारगावचे गोरोबाकाका

आमच्या बीड जिल्ह्यातून तेर काही लांब नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. दिंडीच्या शंभरीत या शेजाऱ्याची आठवण आधी काढतो. संतमंडळीत वयानं वडीलधारे, म्हणून गोरोबा सगळ्यांचे काका.

माती तुडवायची, चाकावर गाडगी-मडकी घडवायची, थापटून आव्यात भाजायची, हा त्यांचा धंदा. तेच थापटणं त्यांनी संतांच्या डोक्यावर चालवलं आणि नामदेवरायांना कच्चं मडकं ठरवलं. कीर्तनात हा प्रसंग हमखास रंगतो.

आम्हाला मात्र काकांचं घर जास्त आठवतं. संतीबाई लेकराकडं लक्ष ठेवा म्हणून पाण्याला गेल्या, आणि नामाच्या तंद्रीत रांगतं लेकरू चिखलात तुडवलं गेलं. त्या आईचा आकांत आपण वारकरी घाईनं सांगून पुढं जातो, हे काही बरं नव्हे. काका उलट त्यांनाच मारायला धावले. तेव्हा अंगाला हात लावायचा नाही, अशी विठ्ठलाची आण संतीबाईंनी घातली. काकांनी ती पाळली. वंशासाठी बाईंनी धाकटी बहीण रामी सवत म्हणून आणली, तरी पाळली. आण मोडली असं वाटलं तेव्हा हातच तोडले. कुंभाराचे हात म्हणजे घरची भाकरी!

पुढं पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात हात फुटले, लेकरू रांगत आईकडं आलं, असं सांगतात. शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ च्या चैत्र वद्य त्रयोदशीला काकांनी देह ठेवला, तो तेरलाच.